चौघींचं कुलूप

कळंबा, कोल्हापूर
११ जानेवारी २०२५

प्रिय शालू,

सप्रेम नमस्कार. सोबत थोडा रागही जोडला आहे. तो वेगळा काढून ठेव, पुढे लागेल.

भावजींचा गुडघा कसा आहे? थंडीत जास्त धरत असेल. ऊस गेला का वेळेत, की अजून तोडणीवाल्यांची वाट बघताय? इकडे सगळे ठीक. सम्राट त्याच्या कामात. अनुजाला आता शिकवायला सकाळची शाळा आली आहे, त्यामुळे सकाळचा चहा माझ्याकडे आला होता. होता म्हणते, त्याचं पुढे लिहीन. कळंबा तलावावर फिरायला येणाऱ्यांची एवढी गर्दी असते की तलाव बघायचा तर लोकांच्या पाठीवरून बघावा लागतो.

पाकिटावरचं अक्षर बघून तू आधी ते उशीखाली सारलं असशील, मग भावजी शेताकडे गेल्यावर फोडलं असशील. मला माहीत आहेस तू. वर्ष होत आलं आपण बोललो नाही त्याला. फोन केला असता तर तू उचलला नसतास, आणि उचलला असतास तर मी आधी भांडले असते आणि कामाचं राहून गेलं असतं. मेल करावी तर तू गट सोडलास. उघडी मेल मी कुणाला पाठवत नाही, हे तुला सांगायला नको. म्हणून टपाल. पाकीट डिंकाने चिकटवते आहे, तरी पत्र उघडंच आहे असं समजून लिहिते. त्यामुळे चिमणाबाईंचं ते आणि संघप्रियाचं ते यात येणार नाही. ते काय, ते तुला ठाऊक आहे, आणि तेवढं पुरे.

परवा संघप्रियाबरोबर रिक्षाने शाहूपुरीतून जात होते. गुळाच्या अडत्यांच्या गल्लीत रिक्षा शिरली आणि तो वास आला. नवा गूळ आलाय. शालू, तो वास आला की मला अजून कानाला हेडसेट लागल्यासारखं होतं. सौदे सुटले की सगळे अडते अहमदाबाद, राजकोट, मुंबईचे ट्रंक कॉल लावायचे आणि जो तो म्हणायचा, अर्जंट. एक्सचेंजच्या बोर्डावर एकामागून एक दिवे लागायचे आणि आपल्या चौघींचे हात आपोआप चालायचे. एका हातात प्लग, दुसऱ्या हातात पेन्सिल, खांदा वर करून कानावरचे केस सारायचे. गुळाचा भाव आपल्याला बाजाराच्या आधी कळायचा आणि तरी घरचा गूळ आपण वाण्याकडून चढ्या भावानेच आणायचो.

तुला माहीत असलेलंच तुला सांगते आहे, हे मला कळतंय. पण लिहिलं की ते माझ्याजवळ राहतं. अलीकडे मी असं करते.

कुणाची सोयरीक मोडली, कुणाला मुलगी झाली, कुठल्या दोन भावांचं बोलणं बंद आहे, सगळं आपल्या कानावरून जायचं. ऐकायचं नाही हा नियम, पण लाईन लागली का हे बघायला कान लावावाच लागायचा. मी नवी होते तेव्हा एकदा टेबलावर काहीतरी बोलून गेले, कुठल्या तरी सावकाराच्या घरचं. चिमणाबाईंनी सुपरवायझरच्या खुर्चीतून उठून माझ्या हातातला चहा काढून घेतला. "पोरी, ऐकल्यालं हेडसेटबरोबर खुंटीला अडकवायचं आन् घरला जायचं. पदरात बांधून न्यायचं न्हाय." चहा परत दिला नाही. स्वतः प्यायल्या.

आणि तू. फौजींच्या बायका गावाहून येऊन कॉल बुक करायच्या, पठाणकोट म्हणू नको, जम्मू म्हणू नको, आणि तीन मिनिटांत त्यांचं नुसतं 'बरं हाय का, बरं हाय का' एवढंच व्हायचं. अशा वेळी तुझं घड्याळ हटकून बंद पडायचं. 'तीन मिनिटं झाली, वाढवू?' हे तू बाकी सगळ्या कोल्हापूरला विचारलंस, त्या बायकांना कधी विचारलं नाहीस. चिमणाबाईंना ते कळायचं. त्या एवढंच म्हणायच्या, "शालीचा हात कधी चुकत न्हाय. घड्याळ तेवढं चुकतंय."

हे वाक्य लक्षात ठेव, मीही ठेवलंय.

मग एसटीडी आली. चौकाचौकात पिवळे बूथ उभे राहिले. आपला बोर्ड एका दुपारी चार माणसांनी खांद्यावर घेऊन बाहेर नेला आणि तू त्यावरची धूळ पदराने पुसलीस. हमाल म्हणाला, "मावशी, भंगारात निघालंय की हे." तू म्हणालीस, "व्हय, पर आंघोळ घालूनच काढायचं."

भावजींचा गुडघा कसा आहे ते कळव.

निवृत्त झाल्यावर आपण चौघींनी फोनवर गट केला तो आठवतो? चार दिवस टिकला. तुझा फोन नातवाच्या हातात, तो कार्टून बघत होता, आणि वरून चिमणाबाईंचा निरोप टपकला. पोराला नुकतंच वाचता येत होतं. त्याने सोप्यात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवला. चिमणाबाईंनी त्या दिवशीच गट मोडून टाकला. मग म्हणाल्या, "आख्ख्या जिल्ह्याचं आपुन पोटात ठेवलं. आपलं ठिवायला कुटं जागा हाय का न्हाय?"

तिथून संघप्रियाने तिच्या प्रसेनजीतला कामाला लावलं. तो पुण्याहून सुट्टीला आला होता, आणि सुट्टीतला निम्मा वेळ त्याने चार म्हाताऱ्यांना कॉम्प्युटरवर मेलला लावायची कुलपं शिकवण्यात घालवला. बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या तसबिरीखालचं ते जेवणाचं टेबल, संघप्रियाच्या हातची वांग्याची भाजी, आणि प्रसेनजीत कागदावर चित्रं काढतोय. म्हणाला, प्रत्येकीला उघडी कुलपं मिळतील, हवी तितकी, ती मैत्रिणींना वाटून टाकायची. किल्ली मात्र एकच, ती कुणालाच द्यायची नाही. पत्र लिहिलं की त्याला चौघींची चार कुलपं लावून पाठवायचं. ज्या कुणाचं कुलूप, तिच्याच किल्लीने ते उघडणार. वाटेत कुणी धरलंच तर त्याला नुसता अक्षरांचा कचरा दिसेल. आणि किल्लीलाही वर एक वाक्य, परवलीचं. मोठं घ्या, तुमच्याखेरीज कुणाला सुचणार नाही असं घ्या, कुठेही लिहून ठेवू नका.

मी विचारलं, "आन् इसरलं तर?"

"इसरलं तर मावशी, मी आलो तरी उघडणार नाही."

आपण हसलो होतो.

आणि मग वाडीचा घाट. कुलूप खरोखर शालूचंच आहे, मध्ये बसून कुणी आपलं खपवलेलं नाही, हे एकमेकींत ताडून बघावं लागतं. प्रत्येक कुलपाची भलीमोठी खूण असते, आकडे आणि इंग्रजी अक्षरं. प्रसेनजीत म्हणाला, फोनवर वाचून दाखवलं तरी चालेल. चिमणाबाई म्हणाल्या, "फोनवर? सगळा जनम फोनवर काढला मी. फोनवर माजा इस्वास न्हाय. मानूस म्होरं पायजे." म्हणून नृसिंहवाडी, तुला कुरुंदवाडहून जवळ आणि आम्हाला एसटी सरळ. दत्ताचं दर्शन घेतलं, संघप्रिया तोवर खाली पायऱ्यांवर पाण्यात पाय सोडून बसली होती, आणि मग आपण कागद काढले. "सात, शून्य, बी बेळगावचा, डबल चार, ई एरंडोलचा, एफ फैजपूरचा..." तोच सूर, तोच खटका. किती वर्षांनी तो आवाज माझ्या तोंडातून निघाला. पलीकडच्या पायरीवर एक गृहस्थ हात जोडून ऐकत होते. आपलं संपल्यावर त्यांनी विचारलं, "बाई, हा जप कुणी दिला तुम्हाला?" तू म्हणालीस, "पावणं, लई कडक हाय ह्यो. तुमच्यानं झेपायचा न्हाय."

कवठाची बर्फी घेऊन आपण परत फिरलो. एसटीत मला वाटलं, आता काही होऊ दे.

किती लिहिलं आपण, शालू. विषयाची ओळ तेवढी उघडी राहते म्हणून तिथे भाज्या लिहायच्या हे तुझंच डोकं. आतमध्ये जन्माचं रडणं आणि वर 'दोडक्याची चटणी'. अनुजाला अजून वाटतं की सासूबाईंकडे पाककृतींचा खजिना आहे. चिमणाबाई गेल्या तेव्हा त्यांचं कुलूप काढून टाकायचा विषय निघाला आणि तू तो निघताक्षणी हाणून पाडलास. "लावा की गं त्यांचं बी. हात मोडत्यात व्हय?" आजही मी लिहिते ते पत्र चिमणाबाईंच्या कुलपासकटच जातं. फक्त तुझं नसतं. मेलेलीचं आहे आणि जिवंत असलेलीचं नाही, असा सगळा प्रकार आहे.

अनुजा आली. उरलेलं उद्या.

१२ जानेवारी

शालू,

काल लिहिलेलं आता वाचून काढलं. भावजींचा गुडघा मी दोनदा विचारलाय. खोडणार होते, पण नाही खोडत. तुझ्यासमोर काय झाकायचं, तुला तर सगळ्यांच्या आधी कळलंय.

तर ते. गेल्या हिवाळ्यात मी महाद्वार रोडला गेले होते, अनुजाच्या भाचीच्या बारशाला झबलं आणायला. येताना बिंदू चौकात स्कूटी थांबवली आणि पुढे कुठे जायचं तेच कळेना. रस्ते सगळे ओळखीचे, दुकानं ओळखीची, आणि त्यातला माझा कुठला ते आठवेना. एका भाजीवालीने विचारलं, "कुटं जायाचं बाई?" आणि मला कळंबा हे नाव येईना. मी तिच्याकडून मुळे विकत घेतले. काहीतरी करायला हवं म्हणून. बऱ्याच वेळाने सगळं परत जागेवर आलं.

ते मी गटाला लिहिलं, 'मेथीचे लाडू' या विषयाखाली. सम्राटला सांगायचं नाही, शप्पथ आहे, असंही लिहिलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सम्राट माझ्यासमोर येऊन बसला. रात्रभर झोपला नसावा. म्हणाला, "आई, बिंदू चौकात काय झालं?"

पुढचं भांडण तुला पाठ असेल. तू म्हणालीस, फोनवरून उत्तर दिलं, कुलूप लावायचं राहिलं, संयोगिता या माझ्या नावाच्या जागी सम्राटवर बोट पडलं. प्रसेनजीतने हेच करू नका म्हणून दहा वेळा बजावलं होतं. मी तुला काय काय बोलले. आपलं चौघींचं कुलूप तू फोडलंस, म्हणाले. चिमणाबाई असत्या तर तुझ्या हातातला चहा काढून घेतला असता, म्हणाले. तू एवढंच म्हणालीस, "व्हय, चुकलं." आणि गेलीस.

त्यानंतर माझ्या घरात काय झालं ते तुला कुणी सांगितलं असेल, नसेल. डॉक्टर, तपासण्या, गोळ्या. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलंत, बरं झालं, याचा वेग कमी करता येतो. स्कूटीची किल्ली सम्राटने काढून घेतली. पर्समध्ये माझ्याच नावाची चिठ्ठी ठेवली, जत्रेत नेताना पोराच्या खिशात ठेवतात तशी. सकाळचा चहा माझ्याकडे होता तो एकदा उतू गेला आणि गॅस तसाच राहिला, तेव्हापासून शेगडीला हात लावायचा नाही असं ठरलंय. कुणी ओरडत नाही. अनुजा तर इतकी जपते की मला घराबाहेर जाऊन ओरडावंसं वाटतं. मी तुझ्या नावाने बोटं मोडायची, संघप्रियाला लिहायची, आणि ती प्रत्येक वेळी उत्तर द्यायची, "बास कर की गं आता."

आता राग कुठे लागतो ते सांगते.

सम्राट दिवाळीपासून माझ्या मागे लागलाय, परवलीचं वाक्य लिहून दे म्हणून. डॉक्टरांनीच सांगितलंय, बँकेचं, विम्याचं, जे काही डोक्यात आहे ते वेळेत घरच्यांना द्या. बँकेचं दिलं. हे देत नाही. तो म्हणतो, "आई, मी वाचणार नाही गं. पाकिटात बंद करून ठेवतो. पण उद्या तुला तुझीच पत्रं वाचावीशी वाटली, तुला बरं वाटेल असं काही त्यात असलं, तर उघडणार कोण?" पोरगं चांगलं आहे, खोटं बोलत नाही. पण शालू, माझी किल्ली माझं एकटीचं उघडत नाही. ती चौघींचं उघडते. चिमणाबाईंचं ते त्यांच्या पोटच्या मुलाला माहीत नाही, मग माझ्या मुलाला का? संघप्रियाचं ते, तुझं भावजींच्या आईबद्दलचं, सगळं त्यातच आहे. मी माझ्या एकटीच्या आजारपणासाठी चार घरांची दारं उघडी टाकू?

संघप्रिया म्हणाली असती, मी वाचून दाखवते. तिच्याकडे सगळं आहेच. पण ती या महिन्याअखेरीस पुण्याला चालली, प्रसेनजीतकडे, कायमची. तिचे डोळेही आता स्क्रीन सहन करत नाहीत.

त्यावरून मागच्या आठवड्यात सम्राटशी माझं जोरात वाजलं. मी म्हणाले, एकदा आमचं बाहेर पडलं तेवढं पुरे, अजून हवंय का तुला? तो वैतागून म्हणाला, "काय एवढं बाहेर पडलं होतं? बघ तरी एकदा." आणि फोनवर ती मेल काढून त्याने माझ्यासमोर धरली. मी ती कधी बघितलीच नव्हती. बघायचीच नव्हती.

बघितली. शालू, फोनवरून चुकून उत्तर गेलं की खाली मागची सगळी पत्रं शेपटासारखी लोंबत जातात. म्हणून तर प्रसेनजीत ओरडायचा. त्या दिवशी माझ्या पत्राखाली संघप्रियाचं ते होतं, तिने आदल्या दिवशीच लिहिलेलं. त्याखाली तुझं. सम्राटच्या फोनवर यातलं काही नव्हतं. होता तो माझा एकच परिच्छेद. बिंदू चौक, मुळे, नाव न येणं. सम्राटला सांगू नका हे वाक्यसुद्धा तू काढून टाकलं होतंस, पोराला लागेल म्हणून. वर नाव नाही, खाली सही नाही.

बोट चुकलं की असं निवडून चुकत नाही.

जिचा प्लग कधी चुकीच्या भोकात गेला नाही ती बाई म्हणते बोट चुकलं, आणि मी ते मान्य केलं. माझा आजार तेव्हाच बराच पुढे गेलेला असणार. तू मुद्दाम केलंस. नुसता दिवा लागलाय, घरच्या कुणाला पत्ता नाही, आणि ही बया लाईन जोडू देत नाही, म्हणून तू स्वतः प्लग लावलास. आणि मुद्दाम केलं असं सांगितलंस तर आपल्या गटाचा सगळा विश्वासच मोडेल, म्हणून वेंधळेपणा अंगावर घेऊन निघून गेलीस.

राग आहे अजून. स्पष्ट सांगते. मला विचारायला हवं होतंस. तोंडावर सांगायला हवं होतंस की मी सम्राटला कळवणार, काय करायचं ते कर. मी ऐकलं नसतं, हेही खरं. मी शप्पथ घातली असती, संघप्रियाला मध्ये ओढलं असतं आणि अजून वर्ष घालवलं असतं. तरी राग आहे. तो तुला समोरासमोर देणार आहे. आणि तो देऊन झाला की तुझा हात धरून बसणार आहे, कारण तुझ्यावाचून मला वर्षभर फार एकटं वाटलं. हे कुठे कुणाला लिहायचं? त्याला लावायचं तुझंच कुलूप नव्हतं माझ्याकडे.

आता खरं काम. ते मी काल पहिल्या ओळीतच लिहायला हवं होतं, पण हात वळेना.

मिरजेला ह्यांना दवाखान्यात ठेवलं होतं ती दुपार. सम्राट बालवाडीत होता. मी सुट्टी संपवून कामावर आले होते, आणि तू शेजारच्या बोर्डावर होतीस. मिरजेचा दिवा लागला, तू घेतलास. पलीकडच्याने माझं नाव सांगितलं असणार, कारण तू माझ्याकडे बघितलंस आणि प्लग लगेच लावला नाहीस. तू उठलीस, माझ्या कानावरचा हेडसेट काढलास, दोन्ही हातांत माझं तोंड धरलंस आणि एक वाक्य बोललीस. हळू, मला एकटीलाच. मग हेडसेट परत नीट बसवलास, केस अडकले होते ते सोडवलेस, आणि रोज परक्यांना म्हणायचीस तेच मला म्हणालीस, "पार्टी लाईनवर आहे. बोल."

पुढची सगळी वर्षं मी त्या एका वाक्यावर काढली. सम्राटला वाढवलं, ड्युट्या केल्या. प्रसेनजीत म्हणाला, तुमच्याखेरीज कुणाला सुचणार नाही असं वाक्य घ्या, तेव्हा मला विचार करावा लागला नाही. मी तेच टाकलं. इंग्रजी अक्षरांत, सलग, तुझं वाक्य. तुला कधी सांगितलं नाही. एवढी वर्षं तुमची प्रत्येकीची पत्रं मी त्याच वाक्याने उघडली. गेल्या वर्षी तुझ्या नावाने शंख करणाऱ्या माझ्या पत्रांना संघप्रियाची उत्तरं यायची, ती वाचायलासुद्धा आधी तूच मला म्हणालेलं टाइप करावं लागायचं. एकदा मधेच हसू आलं होतं मला.

गणपतीपर्यंत ते येत होतं. नवरात्रात अडखळायला लागलं. दिवाळीत पहिले दोन शब्द आले आणि पुढचे आलेच नाहीत. आता ते दोनही खात्रीचे नाहीत. मी डोळे मिटून बसते. तू दिसतेस. तुझ्या हातांना शेंगदाण्याचा वास येतोय, कपाळावरचं कुंकू घामाने जरा पसरलंय, मागे बोर्डावरचा मिरजेचा दिवा तसाच लागलेला आहे. तुझे ओठ हलताना दिसतात. आवाज येत नाही.

सम्राटला वाटतं, मी हट्टाने देत नाही. वर मी तुलाही तसंच भासवलं. माझ्याकडे देण्यासारखं काही राहिलेलंच नाही, शालू. दिवाळीपासून मी एकही पत्र उघडलेलं नाही. संघप्रिया लिहिते, मी तिला फोनवर म्हणते, वाचलं गं, छान लिहिलंस. ती पुण्याला जायच्या आधी मला तिची शेवटची पत्रं वाचायची आहेत. चिमणाबाईंची वाचायची आहेत. आपण चौघी कोण होतो ते सगळं त्या यंत्रात आहे, ते इथे माझ्या टेबलावर आहे, आणि मी त्याच्या बाहेर उभी आहे. मला भीती वाटते. गोळ्यांची नाही, चिठ्ठीची नाही. याची वाटते.

आणि बघ, गटाच्या नियमात हे अगदी बसतं. तुला सांगितलं तर कुणाचंच काही फुटत नाही, कारण आत जे आहे ते सगळं तुला आधीच माहीत आहे. गेल्या वर्षीच्या शिव्या तेवढ्या नव्या आहेत. त्याही वाच, तुझा हक्क आहे.

संक्रांत झाल्यावरच्या रविवारी मी वाडीच्या घाटावर येते. अनुजा गाडीने आणून सोडेल, ती देवळात जाईल तोवर आपण आपल्या पायरीवर बसू. संघप्रियाही येते म्हणाली आहे. तू तुझ्या कुलपाची खूण कागदावर लिहून आण, आपण ती एकमेकींना वाचून दाखवू, आणि तुझं कुलूप परत लावू. मग ते वाक्य माझ्या कानात सांग. कागदावर लिहू नको, फोनवर तर मुळीच नको. त्यानंतर जमेल तेव्हा कळंब्याला येत जा, मला माझी पत्रं वाचून दाखवत जा. पुढेमागे मी विचारीन, ही बाई कोण. तेव्हाही वाचत राहा.

तुलाही ते आठवत नसेल, तर मग काही इलाज नाही. मग आपण तिघी भडंग खात बसू आणि मी तुझ्याशी भांडेन. पण मला वाटतं तुला आठवतंय. तू जे एकदा बोलतेस ते तुझ्याकडे राहतं.

भावजींना नमस्कार. त्यांच्या गुडघ्याचं विचारलं म्हणून सांग.

तिळगूळ आणते. गोड बोल असं म्हणणार नाही. नुसतं ये. दिवा केव्हाचा लागलाय.

पार्टी लाईनवर आहे. बोल.

तुझी,
संयोगिता